हिशेबात न बसणारं कल्याण

रोममध्ये टायबर नदीच्या जुन्या धक्क्यांपासून जवळच मोंते तेस्ताच्चो नावाची टेकडी आहे. उंची साधारण ३५ मीटर, अंगावर गवत-झुडपं, माथ्यावर एक क्रूस. तिथे खणलं की मुरूम लागत नाही, खापरं लागतात. कारण अख्खी टेकडीच खापरांची आहे. दक्षिण स्पेनमधून, तेव्हाच्या बेटिका प्रांतातून, ऑलिव्हचं तेल मोठाल्या मातीच्या कुंभांतून, म्हणजे अँफोरांतून, रोमला यायचं. तेल मुरलेली माती खवट होते, कुंभ पुन्हा कामाचा राहत नाही. मग तो इथे आणून फोडायचा, वास मारायला चुना टाकायचा आणि थरावर थर रचत जायचं. काही अंदाजांप्रमाणे इथे फुटलेल्या कुंभांची संख्या पाच कोटींच्या पुढे जाते.

अभ्यासकांना या खापरांचं खरं वेड आहे ते त्यांवरच्या अक्षरांमुळे. मुठीवर भट्टीचा शिक्का, आणि पोटावर शाईने लिहिलेला मजकूर: रिकाम्या कुंभाचं वजन, आतल्या तेलाचं वजन, माल नेणाऱ्या व्यापाऱ्याचं नाव, तपासनिसाची नोंद, आणि त्या सालच्या दोन कॉन्सलांची नावं, म्हणजे सालच. रिकामा कुंभ तीसेक किलोचा, आत सत्तरेक किलो तेल. हाइनरिख ड्रेसेल या जर्मन विद्वानाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही अक्षरं उतरवून घ्यायला सुरुवात केली. या घाटाच्या कुंभाला आजही ‘ड्रेसेल २०’ म्हणतात. दुसऱ्या-तिसऱ्या शतकातलं जकात खात्याचं दप्तर जणू फुटक्या रूपात शाबूत राहिलं.

बार्सेलोना विद्यापीठाचे होसे रेमेसाल आणि त्यांचे सहकारी १९८९ पासून या टेकडीत उत्खनन करत आले. पुढे त्यांनी युरोपीय संशोधन परिषदेच्या अनुदानातून एक प्रकल्प उभा केला आणि लॅटिन लेख वाचणाऱ्यांच्या शेजारी भौतिकशास्त्रज्ञ, संगणकवाले आणि संख्याशास्त्रातली माणसं आणून बसवली. अशा नोकऱ्या आता युरोपातल्या बऱ्याच विद्यापीठांत निघतात. काम काय, तर प्राचीन सागरी व्यापाराच्या जाळ्याचं सांख्यिकी मॉडेल बांधणं. उमेदवाराला प्रोग्रामिंग यायला हवं, संभाव्यतेचं गणित यायला हवं, आणि खापराची नुसती कड पाहून त्याचं शतक सांगणाऱ्या माणसाशी न कंटाळता वाद घालता यायला हवा. ही तिसरी अट जाहिरातीत लिहीत नाहीत.

या मंडळींचा दिवस कशात जातो, हे समजायचं तर आधी त्यांची अडचण समजून घ्यावी लागते. व्यापाराचं जाळं म्हणजे ठिपके आणि रेघा. ठिपके, म्हणजे बंदरं आणि वस्त्या, जमिनीत सापडतात. रेघा सापडत नाहीत. बैलगाडीची चाकोरी खडकात दोन हजार वर्षं टिकते. पाण्यावर काही उमटत नाही. म्हणजे ज्या गोष्टीचा अभ्यास करायचा तीच नेमकी गायब, आणि तिच्या दोन टोकांवरून ती ओळखायची.

सगळ्यात सोपी युक्ती १९७०च्या दशकात जॉन टेरेल यांनी पॅसिफिकमधल्या सॉलोमन बेटांसाठी वापरली. प्रत्येक ठिपक्यापासून त्याच्या सगळ्यात जवळच्या तीन ठिपक्यांकडे रेघ ओढायची. बस्स. शाळकरी पोरगं पट्टी घेऊन करील इतकं हे बाळबोध आहे. पण सगळ्या रेघा ओढून झाल्या की काही ठिपक्यांकडे तीनच रेघा असतात आणि काहींकडे सहा-सात येऊन मिळतात, कारण ते पुष्कळांचे शेजारी असतात. कोण मोक्याच्या जागी बसलाय, हे कोणी न सांगता दिसू लागतं.

सिप्रियन ब्रूडबँक यांनी हीच पट्टी ग्रीसच्या सिक्लाडीज बेटांवर ठेवली. काळ इ.स.पू. तिसऱ्या सहस्रकाचा, शिडं अजून आलेली नव्हती, सगळा प्रवास वल्ह्यांवर. प्रश्न असा होता की तेव्हाच्या मोठ्या वस्त्या भलत्याच जागी सापडतात. केरोस हे बेट घ्या. ओसाड, खडकाळ, शेतीला नावापुरती जमीन. आणि तिथेच दास्कालिओ-काव्होस हे त्या काळातलं अत्यंत श्रीमंत ठिकाण. संगमरवरी मूर्तींचे तुकडे तिथे ढिगाने निघाले. जमिनीच्या हिशेबाने हे गाव तिथे असायलाच नको. ब्रूडबँक यांनी बेटांवर ठिपक्यांची संख्या टप्प्याटप्प्याने वाढवत नेली, दर टप्प्याला रेघा नव्याने ओढल्या, आणि पाहिलं की लोकवस्ती दाट होते तसतसा जाळ्याचा मध्य सरकतो. नॅक्सोस आणि अमॉर्गोस यांच्या मधली छोट्या बेटांची पट्टी, जिच्यात केरोस येतं, रेघांनी गजबजून जाते. गाव पोसलं गेलं ते शेतीवर नव्हे, येण्याजाण्यावर. सिरोस बेटावरच्या थाळीसारख्या भांड्यांवर लांब होड्यांची चित्रं कोरलेली आहेत. तशी एक होडी हाकायला पंचवीसेक वल्हेवाले लागत असावेत. चार-पाच घरांच्या वाडीत एवढे धडधाकट पुरुष मिळणार कुठून? म्हणजे लांबचा प्रवास करू शकणारी गावं मोजकीच होती, आणि ती होती कुठे हे पट्टीनेच बऱ्यापैकी सांगितलं.

पुढे चार अर्थशास्त्रज्ञांनी सगळ्या भूमध्य समुद्रालाच अशी पट्टी लावली. किनाऱ्याचे लहान चौकोन पाडले आणि प्रत्येक चौकोनातून समुद्रमार्गे ५०० किलोमीटरच्या आत किनाऱ्याचे किती चौकोन गाठता येतात ते मोजलं. जिथून जास्त गाठता येतात तिथे लोहयुगातली पुरास्थळंही जास्त आहेत. हा संबंध ठळक होतो तो साधारण इ.स.पू. १००० नंतर, फिनिशियन खलाशी किनारा सोडून उघड्या समुद्रातून नेमाने जाऊ लागले त्या काळात. निष्कर्ष ऐकायला उघडच वाटतो. पण ‘उघड’ वाटणाऱ्या गोष्टीला पहिल्यांदा आकडा मिळाला, आणि आकडा मिळाला की अपवाद शोधता येतो. या साऱ्या खटाटोपात मला अपवादच महत्त्वाचे वाटतात.

आता जरा जड मॉडेलकडे. २००८ साली ‘अँटिक्विटी’ या नियतकालिकात कार्ल नॅपेट या पुरातत्त्वज्ञाने टिम एव्हान्स आणि रे रिव्हर्स या दोन सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञांसह एजियन समुद्राचं एक मॉडेल मांडलं. काळ क्रीटच्या मिनोअन संस्कृतीच्या भरभराटीचा. शिडाची जहाजं आलेली. क्रीट, आसपासची बेटं, ग्रीसचा आणि तुर्कस्तानचा किनारा मिळून तीस-चाळीस महत्त्वाची ठिकाणं नकाशावर घेतली. प्रत्येक ठिकाणाला दोन आकडे. एक ठरलेला: आसपासच्या जमिनीवर किती माणसं पोसली जातील. दुसरा मोकळा: प्रत्यक्षात किती माणसं आहेत. प्रत्येक रेघेलाही एक मोकळा आकडा: या दोन ठिकाणांत राबता किती. मग जमाखर्च मांडायचा. जमेच्या बाजूला स्थानिक उत्पन्न आणि देवाणघेवाणीचा फायदा. खर्चाच्या बाजूला माणसं पोसण्याचा भार आणि संबंध टिकवण्याचा भार. संबंध फुकट टिकत नाहीत. जहाज बांधावं लागतं, परक्या बंदरात ओळखी ठेवाव्या लागतात, नजराणे द्यावे लागतात. शिवाय अंतराची मर्यादा: शिडाच्या जहाजाची एका दमातली मजल शंभरेक किलोमीटर धरली, तिच्यापुढे रेघेचा फायदा झपाट्याने घसरतो.

एवढं भरलं की संगणक मोकळ्या आकड्यांना बारीक धक्के देत सुटतो. इथली माणसं थोडी वाढव, तिथला राबता थोडा कमी कर. ताळेबंद सुधारला तर बदल ठेवायचा. बिघडला तरी कधीमधी ठेवायचा, नाहीतर पहिल्याच बऱ्याशा उत्तरावर मॉडेल अडून बसतं. ही माँते कार्लो पद्धत मुळात अणुरेणूंच्या गर्दीचा अभ्यास करण्यासाठी घडवली गेली. बेटांवरच्या व्यापाऱ्यांना ती लागू करताना भौतिकशास्त्रज्ञांना काही वावगं वाटलं नाही, पुरातत्त्वज्ञांना वाटलं. असे लाखो धक्के दिल्यावर एक जाळं तयार होतं. पुन्हा सुरुवातीपासून चालवलं की थोडं वेगळं जाळं. म्हणून एकाच नकाशावर विश्वास ठेवत नाहीत. पुष्कळदा चालवून कोणत्या रेघा वारंवार येतात ते पाहतात.

खर्चाचे हे भार किती, हे कोणालाच मोजता येत नाही, म्हणून ते बदलत नेऊन काय होतं ते पाहायचं. त्यातून एक चमत्कारिक गोष्ट समोर आली. संबंध टिकवण्याचा भार हळूहळू वाढवत गेलं तरी जाळं बराच काळ तग धरतं, आणि मग एका टप्प्यावर एकदम विस्कटतं. कारण हळूहळू वाढतं, परिणाम एका झटक्यात होतो.

याच मॉडेलला पुढे एक भीषण प्रश्न विचारला गेला. थेरा, म्हणजे आजचं सँटोरिनी, या बेटावर अकरोटिरी नावाचं नांदतं बंदर होतं. क्रीटच्या उत्तर किनाऱ्यापासून शंभर-सव्वाशे किलोमीटर, म्हणजे शिडाच्या एका मजलेवर. क्रीटहून उत्तरेकडे निघालेल्या जहाजाचा स्वाभाविक पहिला मुक्काम. इ.स.पू. सतराव्या-सोळाव्या शतकाच्या सुमारास थेराचा ज्वालामुखी फुटला आणि अकरोटिरी राखेखाली गाडली गेली. लोक आधीच निघून गेले असावेत, कारण मृतदेह सापडत नाहीत. स्पिरिडॉन मारिनातोस यांनी १९३९ साली याच स्फोटाने क्रीटची संस्कृती बुडाली असं मांडलं आणि १९६७ पासून अकरोटिरीचं उत्खनन केलं. गोष्ट नाट्यमय होती, लोकांना आवडली. पण खापरांनी साथ दिली नाही. क्रीटवरचे क्नोसस सोडून बाकी राजवाडे जळाले तेव्हा तिथे अष्टपाद आणि शंखशिंपल्यांच्या नक्षीची भांडी वापरात होती. ती नक्षी अकरोटिरीत मिळतच नाही. म्हणजे ती फॅशन निघण्यापूर्वीच अकरोटिरी संपली होती. स्फोट आणि विनाश यांच्यात दोनेक पिढ्यांचं अंतर पडलं. स्फोटाने राजवाडे पाडले म्हणावं तर हे अंतर आड येतं. स्फोटाचा काहीच संबंध नाही म्हणावं, तर एवढं मोठं बंदर नाहीसं होऊन कोणाला काही फरक पडला नाही, हेही पटत नाही.

मॉडेलवाल्यांनी अकरोटिरीचा ठिपका पुसला आणि संगणक पुन्हा चालवला. जाळं कोसळलं नाही. उलट राबता टिकून राहिला, काही ठिकाणी वाढला. उरलेली ठिकाणं लांबच्या, महागड्या रेघा ओढून फट बुजवू लागली. पण प्रत्येक रेघेमागे भार चढला, आणि चढत्या भाराखाली जाळं एका टप्प्यावर एकदम विस्कटतं, हे आधीच दिसलं होतं. म्हणजे मधल्या मुक्कामाचं बंदर गेल्यावर व्यापार लगेच बंद पडत नाही. तो महाग होत जातो, काही काळ जोरातच चालल्यासारखा दिसतो, आणि मग मोडतो. यातून क्रीटचा विनाश असाच झाला हे सिद्ध होत नाही, आणि त्या तिघांनीही तसा दावा केला नाही. सिद्ध एवढंच होतं की दोन पिढ्यांचं अंतर असूनही कार्यकारणसंबंध असू शकतो. वादातला एक पक्ष ‘हे शक्यच नाही’ म्हणत होता. त्याला आता वेगळा मुद्दा शोधावा लागतो.

हे सगळं पुराव्यावर तपासायचं, तर तिथे खरी डोकेदुखी सुरू होते. समुद्रातला सगळ्यात थेट पुरावा म्हणजे बुडालेली जहाजं. ए. जे. पार्कर यांनी १९९२ साली भूमध्य समुद्रातल्या आणि रोमन प्रांतांतल्या प्राचीन जहाजांच्या अवशेषांची सूची छापली; तिच्यात सुमारे बाराशे नोंदी आहेत. शतकवार आलेख काढला की इ.स.पू. पहिलं आणि इ.स. पहिलं शतक यांच्या आसपास मोठा उंचवटा दिसतो, नंतर उतार. रोमन अर्थव्यवस्थेवरच्या कितीतरी पुस्तकांत हा आलेख ‘व्यापार तेव्हा शिगेला होता’ याचा पुरावा म्हणून दिलेला असतो. मुंबई-गोवा महामार्गावर किती गाड्या धावतात हे फक्त अपघातांच्या पंचनाम्यांवरून ठरवावं, तसा हा प्रकार.

असा आलेख काढण्यातली कारागिरी जवळून पाहण्यासारखी आहे. समजा तीन जहाजं आहेत. पहिलं नाण्यांमुळे इ.स.पू. ८० ते ६० मधलं ठरलं. दुसऱ्यावरचे कुंभ इ.स.पू. पहिलं आणि इ.स. पहिलं अशा दोन्ही शतकांत बनत होते. तिसऱ्याबद्दल ‘रोमन’ यापलीकडे धड काही सांगता येत नाही, इ.स.पू. १५० ते इ.स. ४०० समजा. आळशी पद्धत म्हणजे प्रत्येकाच्या कालखंडाचा मध्य धरायचा. मग तिसरं जहाज इ.स. १२५ मध्ये बुडालं असं ठरतं, ज्याला काडीचा आधार नाही. आणि अशी शंभर धूसर जहाजं असली की ती सगळी एकाच सालाभोवती गोळा होऊन आलेखात खोटा डोंगर उभा करतात. बरी पद्धत म्हणजे प्रत्येक जहाज त्याच्या कालखंडावर पसरायचं. पहिलं अख्खं इ.स.पू. पहिल्या शतकात. दुसऱ्याचे दोन अर्धे. तिसरं साडेपाच शतकांवर पसरलेलं, दर शतकाला ०.१८. बेरीज केली की इ.स.पू. पहिल्या शतकाच्या वाट्याला १.६८ जहाजं येतात आणि इ.स. पहिल्या शतकाच्या वाट्याला ०.६८, म्हणजे पाऊण जहाजही नाही. इतिहासकारांना हे अपूर्णांकातलं जहाज सुरुवातीला हास्यास्पद वाटायचं. पण अपूर्णांक जहाजाचा नाही, आपल्या माहितीचा आहे.

तारखांचं दुखणं असं आवरता येतं. दुसरी दुखणी हट्टी आहेत. फ्रान्स आणि इटलीच्या किनाऱ्यावर अवशेषांची दाटी आहे, कारण पाणबुडे तिथे जास्त उतरतात. उत्तर आफ्रिकेचा किनारा विरळ दिसतो. मातीचे कुंभ समुद्रतळावर ढीग करून राहतात आणि खालच्या लाकडालाही वाचवतात. धान्याचं जहाज बुडालं तर काही वर्षांत काहीच उरत नाही. म्हणून इजिप्तहून रोमला जाणारा गहू, साम्राज्यातली सगळ्यात मोठी माल वाहतूक, समुद्रतळावर जवळजवळ अदृश्य आहे. पुढे वाइन लाकडी पिंपांतून जाऊ लागली, पिंपं कुजली, आणि आलेखातला उतार काही अंशी व्यापाराचा नसून पिंपांचा आहे, असं अँड्र्यू विल्सन यांच्यासारखे अभ्यासक म्हणतात. मोजणीचीही खात्री नाही. मार्सेयजवळच्या ग्राँ काँग्लुए इथे १९५२ पासून जाक-ईव्ह कूस्तो यांनी एका जहाजाचा अवशेष वर काढला. त्यातल्या मालाच्या तारखा एकमेकींशी जुळेनात. बऱ्याच वर्षांनी लक्षात आलं की एकावर एक अशी ती दोन जहाजं होती, दोहोंत सुमारे शंभर वर्षांचं अंतर. बाराशेंत अशी आणखी किती?

म्हणून हुशार मंडळी प्रश्नच उलटा करतात. पुराव्यावरून भूतकाळ बांधण्याऐवजी संगणकात वेगवेगळे खोटे भूतकाळ बांधायचे, प्रत्येकातून कोणता पुरावा पडला असता ते पाहायचं, आणि तो आपल्या हातातल्या पुराव्यासारखा दिसतो का ते तपासायचं. रोमन व्यापाराबद्दल एक जुना वाद आहे. पीटर टेमिन यांच्या मते तो एकसंध बाजार होता, भाव आणि बातमी दूरवर पोहोचायची. पीटर बँग यांच्या मते तो तुटक तुटक बाजारपेठांचा होता. व्यापारी अंधारात चाचपडत आपापल्या ओळखीच्या वर्तुळात व्यवहार करायचे. दोघांची पुस्तकं दमदार आहेत आणि दोघांकडेही हवी तेवढी अवतरणं आहेत. टॉम ब्रुगमन्स आणि येरून पोब्लोम यांनी २०१६ साली दोन्ही मतं संगणकात उतरवली. व्यापाऱ्यांमध्ये बातमी किती दूरवर जाते हा आकडा बदलत नेला आणि पूर्व भूमध्यातल्या चार प्रकारच्या लाल चकचकीत ताटवाट्या किती ठिकाणी पोहोचतात ते पाहिलं. प्रत्यक्षात त्यातला एक प्रकार बाकी तिघांपेक्षा खूपच लांबवर मिळतो. बातमी गावापुरती ठेवली की संगणकात असा फरक पडेना; बाजार बऱ्यापैकी जोडलेले धरले, आणि त्या प्रकाराच्या भट्ट्यांची क्षमता मोठी धरली, तेव्हाच पडला. बँग यांचं म्हणणं एका मॉडेलने निकालात निघत नाही. पण आता त्यांच्या बाजूच्या माणसाला, तुटक बाजारातून या ताटवाट्या एवढ्या लांब कशा गेल्या, हे आकड्यांत सांगावं लागेल.

आता अरबी समुद्र. इथे मॉडेल बांधायचं म्हटलं की पहिला घोटाळा अंतराचा. भूमध्यात दोन बंदरांमधलं अंतर साधारण दिवसांत मोजता येतं. इथे ते महिन्यावर ठरतं. ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ हे इ.स. पहिल्या शतकातलं ग्रीक खलाशी-व्यापाऱ्याचं टिपण सांगतं की इजिप्तहून भारताकडे निघायचं ते जुलैच्या सुमारास. म्हणजे नैर्ऋत्य वाऱ्यावर स्वार होऊन पावसाळा ओसरताना आपल्या किनाऱ्याला लागायचं. आपल्याकडे नारळी पौर्णिमेपर्यंत कोळी होड्या लोटत नाहीत, त्याच गणिताचं हे दुसरं टोक. परतीला हिवाळ्याचे ईशान्य वारे. चुकलात तर वर्षभर बसून राहा. त्यामुळे अंतरांचा एक तक्ता पुरत नाही, बारा महिन्यांचे बारा लागतात, आणि त्यांत जाण्याचा आकडा येण्याच्या आकड्याशी जुळत नाही.

दुसरा घोटाळा पुराव्याचा. भूमध्यात हजारोंनी खापरं. इथे एकेकटे साक्षीदार, आणि तेही वेगवेगळ्या पिढ्यांतले. ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबो म्हणतो, तांबड्या समुद्रावरच्या मायोस होर्मोसहून भारताकडे १२० जहाजं जातात. रोमन लेखक प्लिनी म्हणतो, भारत रोमन साम्राज्यातून दरवर्षी ५ कोटी सेस्टर्स, म्हणजे रोमन नाणी, ओढून नेतो. आणि व्हिएन्नात जपलेल्या इ.स. दुसऱ्या शतकातल्या एका पपायरसवर केरळातल्या मुझिरिसहून आलेल्या ‘हर्मापोलॉन’ जहाजावरच्या मालाची किंमत आहे: सुमारे ७० लाख सेस्टर्स. तिघांना एका ओळीत बसवा. १२० जहाजं गुणिले ७० लाख म्हणजे ८४ कोटी. प्लिनीच्या ५ कोटींत हर्मापोलॉनसारखी जेमतेम सात जहाजं बसतात. अर्थात प्लिनी भारतात मोजलेल्या पैशाबद्दल बोलतोय आणि पपायरस इजिप्तमध्ये पोहोचलेल्या मालाच्या किमतीबद्दल. मधला नफा प्रचंड. सगळी जहाजं हर्मापोलॉनएवढी नसणार, काही तर भारतापर्यंत पोहोचतही नसतील. इतिहासकार यातला एक आकडा निवडून इतर दोघांची विश्वासार्हता कमी करतो. संख्याशास्त्रज्ञ तिन्ही ठेवतो, प्रत्येकाला चुकीची मुभा देतो, आणि तिघांनाही एकदम खरं ठरवू शकेल असा पट्टा किती रुंद निघतो ते सांगतो. पट्टा फार रुंद निघतो. पण तो रुंद आहे हे कळणं, प्लिनीचं वाक्य हजाराव्यांदा उद्धृत करण्यापेक्षा उपयोगी.

रेघांची टोकंसुद्धा जागची हलतात. पश्चिम भारतातल्या पुष्कळ उत्खननांत काळ्या डांबरी अस्तराची कुंभांची खापरं निघाली आणि ती बिनदिक्कत ‘रोमन अँफोरा’ म्हणून नोंदली गेली. रॉबर्टा टोम्बर यांनी ती पुन्हा हाताळल्यावर ध्यानात आलं की त्यातली बरीचशी मेसोपोटेमियाकडच्या ‘टॉर्पेडो’ कुंभांची आहेत, आणि काळही नंतरपर्यंत येतो. एका फेरतपासणीत दख्खनच्या कितीतरी रेघा तांबड्या समुद्रातून उठून इराणच्या आखाताकडे वळल्या. जुना तक्ता घेऊन मॉडेल चालवणाऱ्याला हे कळलंही नसतं. मॉडेल गुमान चाललं असतं.

आणि आता कल्याण. अर्थशास्त्रात व्यापाराचं एक ‘गुरुत्वाकर्षणाचं’ सूत्र आहे. यान टिनबर्गेन यांनी १९६२ साली ते वापरात आणलं. दोन ठिकाणं जितकी मोठी तितका त्यांच्यातला व्यापार जास्त, अंतर जितकं लांब तितका कमी. प्राचीन काळालाही ते बरंच लागू पडतं. तुर्कस्तानातल्या कानेश इथल्या असिरियन व्यापाऱ्यांच्या बारा हजारांवर मातीच्या पाट्यांवरून, कोणतं गाव कोणत्या गावाशी किती वेळा जोडलेलं आहे ते मोजून, हरवलेली गावं नकाशावर कुठे असावीत याचा अंदाज २०१९ साली बांधला गेला. ती गाढवांच्या तांड्यांची गोष्ट, पण गणित तेच.

हे सूत्र पैठणला लावू. पैठण सरळ रेषेत कल्याणपासून सुमारे २३५ किलोमीटर, भरूचपासून सुमारे ३५०. पेरिप्लस म्हणतो, भरूचहून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर, तगर म्हणजे तेर तिथून आणखी दहा दिवस पूर्वेला. तिथला माल, गोमेदासारखे खडे आणि कापड, गाड्यांतून बिकट मुलुखातून भरूचला जातो. त्याच चालीने कल्याण तेरा-चौदा दिवसांवर. शिवाय भरूचचं आखात खलाशांना नकोसं: भरती-ओहोटीचा जबर ओढा, गाळ, उथळ पाणी; राजाच्या चाकरीतले स्थानिक नावाडी होड्या घेऊन पुढे यायचे आणि परदेशी जहाजांना वाट दाखवत, ओढत आत न्यायचे, असं पेरिप्लसकार खुलासेवार लिहितो. सूत्राचं मत स्पष्ट आहे: पैठणचा माल कल्याणला उतरायला हवा. आणि तो उतरत नाही.

पहिला संशय सह्याद्रीवर. पैठणहून कल्याणला उतरणाऱ्या नाणेघाटात गाडं चालत नाही. वर माल उतरवून बैलांच्या पाठीवर घालावा लागणार, तो खर्च मॉडेलमध्ये धरायलाच हवा. भरूचची वाट लांब असली तरी गाड्यांची आहे. पण घाट काही पेरिप्लसच्या वर्षी उगवला नव्हता. त्याच टिपणात लिहिलंय की थोरल्या सारागनोसच्या काळात, म्हणजे कोण्या सातवाहनाच्या काळात, कल्याण रीतसर व्यापारी बंदर होतं; सँडानेसच्या ताब्यात गेल्यापासून तिथे फार अडवणूक होते, आणि चुकून आलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भरूचला नेली जातात. घाट तोच, वारा तोच, अंतर तेच. बदलला तो मालक. संख्याशास्त्रात कारण शोधायला यापेक्षा स्वच्छ तुलना क्वचित मिळते: एकच बंदर, आधी आणि नंतर.

सँडानेस नेमका कोण, यावर विद्वानांत एकमत नाही. भरूचच्या राजाचं नाव मात्र पेरिप्लसमध्ये मँबानोस असं येतं, आणि तो बहुतेकांच्या मते क्षहरात क्षत्रप नहपान. त्याचं पुढे काय झालं, ते नाशिकजवळच्या जोगळटेंभीच्या घबाडातून दिसतं. १९०६ साली सापडलेल्या या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांपैकी दोन-तृतीयांशांहून जास्त नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाच्या मुद्रेवरच आपली मुद्रा ठोकली आहे.

मॉडेलमध्ये हा अडथळा घालायचा तर कल्याणच्या रेघेवर जादा भार ठेवायचा आणि तो वाढवत न्यायचा, पैठणची गाडी सहा-सात दिवस जास्त चालायला तयार होईपर्यंत. जिथे ती वळते, तो झाला पहाऱ्याच्या नाकेबंदीचा किमान भाव, गाडीच्या दिवसांत. नहपान हरल्यावर हा भार एकदम शून्यावर आणायचा, की व्यापाऱ्यांच्या ओळखी पुन्हा जमेपर्यंत हळूहळू उतरवायचा? कान्हेरीच्या लेण्यांत कल्याण, सोपारा, चौल, नाशिक इथल्या दात्यांचे दानलेख आहेत. त्यांतले कल्याणकर व्यापारी लिपीच्या वळणावरून पंचवीस-पन्नास वर्षांच्या टप्प्यांत पसरायचे, बुडालेली जहाजं पसरली तसेच अपूर्णांकांत, आणि कोणत्या टप्प्यात त्यांची बेरीज चढते ते पाहायचं.